सोबतीचा पुरावा

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला. गावोगाव पायपीट करून त्यांनी जमवलेली अनेक दप्तरं आजही याच शहरातल्या राजवाडे संशोधन मंडळात जपून ठेवलेली आहेत. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा करणारा माणूस म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांनी आणखी एका विषयाला हात घातला होता आणि त्यासाठी वेगळं धाडस लागत होतं. तो विषय म्हणजे भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास.

महाभारताच्या आदिपर्वात श्वेतकेतूची कथा आहे. एक परका ब्राह्मण त्याच्या आईचा हात धरून तिला घेऊन जातो. वडील उद्दालक शांतपणे सांगतात, की ही पूर्वापार चालत आलेली रीत आहे. श्वेतकेतूला ते सहन होत नाही आणि तो स्त्री-पुरुषांसाठी नवी मर्यादा घालून देतो. राजवाड्यांनी अशा कथा भाकड म्हणून बाजूला टाकल्या नाहीत. समाज ज्या अवस्थांमधून गेला त्यांच्या खुणा त्यांना या कथांमध्ये दिसल्या. आपण ज्याला अनादि मानतो त्या लग्नालाही सुरुवात आहे आणि काळाबरोबर त्याचं रूप बदलत आलं आहे, हे त्यांचं सांगणं होतं.

मग दोन माणसं 'जोडपं' कशाने होतात? विधीने, कागदाने, समाजाच्या मान्यतेने, की एका छपराखाली काढलेल्या दिवसांनी? राजवाड्यांनी हा प्रश्न ग्रंथांना विचारला. आज तोच प्रश्न जगभरच्या व्हिसा कचेऱ्यांमधले अधिकारी रोज विचारतात. धुळे, जळगाव, शिरपूर, चाळीसगावची मुलं-मुली आइंडहोवन, लंडन, टोरांटो, मेलबर्नला नोकरीसाठी जातात. त्यांच्यातल्या काहींचा जोडीदार इकडे असतो आणि दोघांचं लग्न झालेलं नसतं. अशा जोडीदाराला तिकडे राहण्याचा परवाना मिळतो का?

अनेक देशांत मिळतो. आणि तो कसा मिळतो हे पाहू लागलं की थक्क व्हायला होतं.

आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं, वडिलांचं आणि पती किंवा पत्नीचं नाव छापलेलं असतं. लग्नाविना सोबत राहणाऱ्या माणसासाठी तिथे रकाना नाही. भारत सरकारच्या या वहीत जे नातं लिहिलेलंच नाही, ते दुसऱ्या देशाच्या सरकारपुढे सिद्ध करायचं असतं.

देशांचे इथे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला गट दाखला मागतो. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्याला सोबत एच-फोरवर नेता येतं ते फक्त पती किंवा पत्नीला आणि २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलांना. लग्न न केलेला जोडीदार फार तर पाहुण्याच्या बी-टू व्हिसावर जाऊन राहू शकतो. अमेरिकी नागरिकाच्या वाग्दत्त जोडीदारासाठी के-वन हा वेगळा व्हिसा आहे, पण तिथे उतरल्यापासून ९० दिवसांत लग्न करावंच लागतं. जर्मनीचा कुटुंबव्हिसाही पती-पत्नी किंवा नोंदणीकृत जोडीदार यांनाच ओळखतो.

दुसरा गट सहजीवन पाहतो. कॅनडात दोन माणसांनी सलग १२ महिने दांपत्यासारखं एकत्र राहून काढले असतील, तर कायदा त्यांना जोडीदार मानतो. ऑस्ट्रेलियातही साधारण १२ महिन्यांच्या नात्याची अट आहे आणि तिथल्या काही राज्यांत नात्याची सरकारी नोंद केली तर तीही शिथिल होते. नेदरलँड्समध्ये नातं दीर्घकाळचं आणि एकनिष्ठ असल्याचं दोघांनी सहीनिशी जाहीर करायचं असतं आणि तिथे गेल्यावर एकाच पत्त्यावर राहून नगरपालिकेत तशी नोंद करायची असते. स्वीडिश नागरिकाकडे जाणाऱ्याला, आधी कधी एकत्र राहिलो नाही पण आता राहणार आहोत, असं सांगूनही अर्ज करता येतो.

ब्रिटनची गोष्ट बदलत गेलेली आहे. १९९७ साली तिथल्या सरकारने, ज्यांना कायद्याने लग्न करताच येत नाही अशा जोडप्यांसाठी, म्हणजे मुख्यतः समलिंगी जोडप्यांसाठी, एक सवलत आणली. चार वर्षं एकत्र राहिल्याचं दाखवा, अशी अट होती. १९९९ मध्ये चाराची दोन वर्षं झाली आणि २००० साली ही सवलत नियमपुस्तकात आली. पुढची बरीच वर्षं 'दोन वर्षं एकाच घरात' हाच निकष होता. ३१ जानेवारी २०२४ पासून तोही सैलावला. आता दोन वर्षांचं लग्नासारखं टिकाऊ नातं दाखवावं लागतं. नोकरी, शिक्षण किंवा संस्कृती यांमुळे एका घरात राहता आलं नसेल, तर ते कारण समजावून सांगता येतं. मात्र ब्रिटिश नागरिक किंवा तिथे कायम झालेला माणूस जोडीदाराला बोलावत असेल, तर ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे. त्याआधी ती १८,६०० पौंड होती. नात्याची दारं उघडली आणि पैशाची अट वाढली, हे दोन्ही काही महिन्यांच्या अंतराने घडलं.

या सगळ्यांत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो ऑस्ट्रेलियाचा नियम. तिथला अधिकारी नातं चार बाजूंनी तपासतो. पहिली बाजू पैशाची: खातं एकत्र आहे का, भाडं आणि किराणा कोण भरतं, कर्ज दोघांच्या नावावर आहे का. दुसरी घराची: घरकाम कसं वाटून घेतलं आहे, लहान मुलं असतील तर जबाबदारी कोण पेलतं. तिसरी समाजाची: नातेवाईक आणि मित्र या दोघांना जोडपं म्हणून ओळखतात का, समारंभांना दोघं बरोबर जातात का. चौथी बांधिलकीची: किती काळ सोबत आहेत, पडत्या काळात एकमेकांना आधार दिला का, पुढचा विचार एकत्र करतात का. प्रेम मोजता येत नाही हे कायद्याने मान्यच केलं आहे. म्हणून तो प्रेमाने रोजच्या संसारात ठेवलेल्या खुणा मोजतो. भांडी कोण घासतं हा प्रश्न एका देशाच्या सरकारी नियमात येतो आणि त्यावर माणसाचं राहणं ठरतं, यापुढे कुठल्याही प्रेमकथेची कल्पनाशक्ती थिटी पडावी.

हे सगळं परदेशी डोक्यातून निघालेलं आहे असं वाटत असेल, तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा २१ ऑक्टोबर २०१० चा निकाल पाहावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने 'विवाहसदृश नातं' संरक्षणाखाली आणलं होतं, पण त्याची व्याख्या दिलेली नव्हती. वेलुसामी विरुद्ध पच्चईअम्मल या खटल्यात न्यायालयाने ती केली. दोघं समाजापुढे पती-पत्नीसारखे वावरत असावेत, दोघांचं वय लग्नाचं असावं, दोघं लग्नाला अन्यथा पात्र म्हणजे अविवाहित असावेत, आणि त्यांनी स्वेच्छेने बराच काळ एकत्र काढलेला असावा. या अटी ऑस्ट्रेलियाच्या चार बाजूंशेजारी ठेवून वाचा. दोन देश, दोन वेगळी कारणं: एकाला स्थलांतर आवरायचं आहे, दुसऱ्याला बाईला छळापासून वाचवायचं आहे. तरीही जोडपं ओळखायच्या खुणा जवळपास सारख्याच निघाल्या. महाराष्ट्र सरकारने तर त्याआधीच, ऑक्टोबर २००८ मध्ये, पुरेसा काळ सोबत राहिलेल्या स्त्रीला पोटगीच्या कायद्यात पत्नीचा दर्जा द्यावा असा प्रस्ताव मंजूर केला होता.

आणि खानदेशाला तर हे मुळीच नवं नाही. शिरपूर, साक्री आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजांत मुलगा-मुलगी आधी एकत्र राहू लागतात, नंतर दोन्हीकडचे पंच बसतात, देज म्हणजे वधूमूल्य देण्याघेण्याचं ठरतं आणि नातं पक्कं होतं, अशीही एक रीत चालत आली आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्याच्याच कलम २(२) नुसार अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तिथे त्यांची रूढी हाच कायदा. म्हणजे आधी सहजीवन आणि मग मान्यता हा क्रम सातपुड्यात कुणी परदेशातून आणलेला नाही.

आता इतिहासातलं एक पान. १९१३ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात न्यायमूर्ती सर्ल यांच्यापुढे बाई मरियम नावाच्या स्त्रीचं प्रकरण आलं. तिचा नवरा तिथे राहत होता आणि ती भारतातून त्याच्याकडे निघाली होती. तिचं लग्न मुस्लिम रीतीने झालेलं होतं. न्यायमूर्तींनी निकाल दिला, की अशा रीतीने झालेलं आणि तिथल्या कायद्याप्रमाणे न नोंदलेलं लग्न या देशात लग्न म्हणून ग्राह्य नाही. तिला प्रवेश मिळाला नाही. पण निकालाचा अर्थ तिच्यापुरता राहिला नाही. हिंदू, मुसलमान, पारशी, ज्यांनी ज्यांनी आपापल्या धर्माप्रमाणे लग्न केलं होतं, त्या सगळ्या बायका एका दिवसात कायद्याच्या लेखी अविवाहित ठरल्या.

संताप उसळला. तोवर लढ्याच्या मागे उभ्या असलेल्या स्त्रिया आता पुढे आल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा गांधी आणि त्यांच्या सोबतिणी ट्रान्सवालची हद्द ओलांडून मुद्दाम अटक करवून घ्यायला निघाल्या आणि त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्या वर्षी, १९१४ मध्ये, भारतीयांना दिलासा देणारा कायदा झाला आणि त्याने आपल्या रीतीने झालेली लग्नं मान्य केली. सप्तपदी घातलेली, निकाह लागलेली बाईसुद्धा सीमेवर 'लग्नाविना जोडीदार' ठरू शकते, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच माणसांनी सोसलं आहे.

सीमेवरचा असा संशय पुढेही संपला नाही. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ३५ वर्षांची एक भारतीय शिक्षिका उतरली. तिथे राहणाऱ्या आपल्या नियोजित वराशी लग्न करायला ती आली होती. वाग्दत्त वधूला तेव्हा आगाऊ व्हिसा लागत नसे, पत्नीला मात्र लागे. ही बाई आधीच विवाहित असून प्रतीक्षा टाळायला वाग्दत्त म्हणवते आहे, असा संशय अधिकाऱ्याला आला आणि तिची कौमार्यचाचणी करण्यात आली. बातमी फुटली, भारत सरकारने निषेध नोंदवला आणि ही प्रथा बंद झाली. मुंबई आणि दिल्लीच्या ब्रिटिश कचेऱ्यांमध्येही अशा तपासण्या झाल्याचं पुढे उघड झालं. नात्याचा पुरावा शरीरात शोधण्यापासून तो भाडेकरारात शोधण्यापर्यंत कायदा आला, ही वाटचाल लहान नाही.

त्या वाटेवरचा आणखी एक टप्पा नेदरलँड्सचा. तिथे नोकरी करणाऱ्या एका ब्रिटिश माणसाची जोडीदार रीड हिला राहण्याचा परवाना नाकारला गेला, कारण दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. १७ एप्रिल १९८६ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की 'पती-पत्नी' या शब्दात अविवाहित जोडीदार बसत नाही. पण डच सरकार आपल्या माणसांच्या अशा जोडीदारांना राहू देतं, म्हणून दुसऱ्या सदस्य देशातून आलेल्या कामगाराला ती सवलत नाकारता येणार नाही. हे न्यायाचं साधं तत्त्व आहे. २००४ च्या युरोपीय निर्देशात तर युरोपीय नागरिकाच्या टिकाऊ नात्यातल्या जोडीदाराला प्रवेश सुकर करावा, असं स्पष्टच लिहिलं गेलं.

सहजीवनाचा निकष मात्र उलटाही फिरतो. न्यूझीलंडमध्ये जोडीदाराच्या व्हिसासाठी एकत्र राहणं हाच कणा आहे. आपल्याकडे स्थळ पाहून, पसंती होऊन, सुपारी फुटून लग्न लागतं तेव्हा नवरा-बायको त्या दिवसापर्यंत एकत्र राहिलेले नसतात आणि नवरा लगेच कामावर परत जातो. २०१९ मध्ये अशा भारतीय जोडप्यांचे अर्ज अडू लागले. लग्न होतं, शेकडो पाहुणे होते, फोटो होते. एकत्र राहणं नव्हतं. समाजाने आवाज उठवला आणि त्याच वर्षाच्या शेवटी सरकारने ठरवून केलेल्या लग्नांसाठी असलेल्या व्हिसाचा नियम रुंद केला. अमेरिकेच्या के-वन व्हिसात अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघांनी प्रत्यक्ष भेटलेलं असावं अशी अट आहे. पण त्याच नियमात सवलतही आहे: आईवडिलांनी लग्न ठरवायचं आणि आधी वधूवरांनी भेटायचं नाही, अशी कडक परंपरा असेल तर ही अट माफ होऊ शकते. आपल्या घरांमधली सोयरीक जुळवण्याची पद्धत परदेशी कायद्याच्या कलमांमध्ये अशी जाऊन बसली आहे.

आता व्यवहाराकडे येऊ. समजा, धुळ्याच्या देवपुरात वाढलेली एक मुलगी आणि जळगावचा एक मुलगा पुण्यात नोकरी करतात आणि एका फ्लॅटमध्ये राहतात. मुलीला नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला काम मिळतं. मुलाने सोबत जायचं तर काय लागेल?

पहिली मोठी गोष्ट त्यांच्या हातात आहे आणि ती महाराष्ट्रानेच दिली आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. म्हणजे 'लिव्ह अँड लायसन्स' करारात दोघांची नावं घातली, तर दोघांचे फोटो, अंगठे, पत्ता आणि तारीख असलेला सरकारी नोंदीचा कागद तयार होतो. लग्नाशिवाय एकत्र राहिल्याचा याहून ठणठणीत पुरावा क्वचितच मिळेल. उत्तराखंडने २७ जानेवारी २०२५ पासून अशा सहजीवनाची नोंदणी सक्तीची केली आहे. महाराष्ट्रात तशी नोंद नाही, म्हणून भाडेकराराचं मोल अधिक.

मग येतात छोटे कागद: दोघांच्या नावाचं बँक खातं, एकाच पत्त्यावर येणारी वीज आणि गॅसची बिलं, विम्यात नामनिर्देशन, एकत्र प्रवासाची तिकिटं, दूर असताना पाठवलेले पैसे. एखाद्या चुलतभावाच्या लग्नपत्रिकेच्या पाकिटावर दोघांची नावं असतील तर ती पत्रिका टाकू नये. समाज या दोघांना जोडपं मानतो, हे ती सांगते.

दुसरी गोष्ट मला फार मोठी वाटते. जोडीदार म्हणून जाण्यासाठी आपण अविवाहित आहोत हे सिद्ध करावं लागतं. भारतात सगळ्या लग्नांची एक देशव्यापी वही नाही, त्यामुळे 'याचं लग्न झालेलं नाही' असं कुठलीही कचेरी वहीत पाहून सांगू शकत नाही. माणसाला स्वतः शपथेवर सांगावं लागतं. हे प्रतिज्ञापत्र स्टँपपेपरवर करायचं, राज्य शासनाकडून साक्षांकित करायचं आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून त्यावर अपोस्टिल घ्यायचं. अपोस्टिल म्हणजे कागद खऱ्या अधिकाऱ्याने दिलेला आहे याची खूण. हेग करारात सामील झाल्यामुळे २००५ पासून भारताला ती वापरता येते. महापालिकेतून काढलेल्या जन्मदाखल्याचाही हाच प्रवास असतो. ही सगळी पायपीट महिन्यांची असते, म्हणून नोकरीचं पत्र हातात पडताच सुरुवात करावी.

तिसरी गोष्ट खरेपणाची. आधीच्या कुठल्याही व्हिसा अर्जात 'एकटा' लिहिलं असेल आणि आता त्याच काळात एकत्र राहत होतो असं सांगितलं, तर अधिकारी ते शोधून काढतो. कॅनडात कायम वास्तव्याच्या पहिल्या अर्जात जोडीदार लपवला, तर पुढे त्याला कुटुंबीय म्हणून बोलावण्याचा मार्गच बंद होऊ शकतो. खोटे कागद दिले तर कॅनडा पाच वर्षं आणि ब्रिटन दहा वर्षांपर्यंत दार बंद ठेवतो. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही म्हणून फॉर्मवरही लपवायचं, ही चूक आपल्याकडच्या तरुणांनी टाळलीच पाहिजे.

काही जोडप्यांसाठी ही वाट अनेक वाटांपैकी एक नसून एकुलती एक आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. धुळ्याच्या दोन मुलांना किंवा दोन मुलींना भारतात लग्नाचा दाखला मिळूच शकत नाही. त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२४ मधलं केंद्रीय अर्थ मंत्रालयाचं स्पष्टीकरण मोलाचं आहे: अशा जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नामनिर्देशित करायला कुठलीही आडकाठी नाही. हा कागद पुढे परदेशी अधिकाऱ्यापुढे बोलतो. कॅनडाने तर, कायद्याच्या किंवा स्थलांतराच्या अडथळ्यामुळे ज्यांना एकत्र राहताही येत नाही अशांसाठी, किमान एक वर्षाच्या नात्यावर आधारलेला वेगळा वर्ग ठेवला आहे.

या विषयात शिरल्यावर माझं एक मत पक्कं झालं. कायदा हळूहळू लग्नाच्या एका दिवसाकडून संसाराच्या सगळ्या दिवसांकडे पाहायला शिकतो आहे, आणि हे पाहणं माणसाला अधिक न्याय देणारं आहे. पण हा न्याय कागद जपणाऱ्यालाच मिळतो. म्हणून तुमच्या घरातला कुणी मुलगा किंवा मुलगी परदेशातल्या जोडीदाराकडे निघाली असेल, तर आधी त्या देशाच्या स्थलांतर खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरचे आजचे नियम वाचा, कारण ते वर्षावर्षाला बदलतात; एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. आणि आईवडिलांना एक विनंती: मुलांनी विश्वासाने सांगितलं, तर त्यांच्या नात्याची साक्ष देणारं दोन ओळींचं पत्र आपल्या सहीने लिहून द्या. त्या फाईलमध्ये तुमच्या सहीचं वजन खरोखर पडतं.